छोट्या इंटरनॅशनल शाळेचा आठवडा आणि आमच्या 34 गोण्या

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्याहून जूनमध्ये इकडे गोव्यात, बार्देशात आलात, मुलगी 9 वर्षांची, अख्ख्या शाळेत मिळून 70 मुलं, बुधवारी दुपारी ‘कम्युनिटी’ म्हणजे मुलांना घेऊन गावात काहीतरी काम, शुक्रवारी पालकांसकट असेंब्ली आणि पॉटलक (प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा), रविवारी रात्री दहाला पुढच्या आठवड्याचा लांबलचक मेल, आणि आता बुधवारची को-ऑर्डिनेटर तुम्हीच व्हा म्हणतायत, तर हो म्हणू का. अहो, हे 6 वर्षांपूर्वी मीच लिहिलंय की काय असं वाटलं मला.

आधीच सांगते, मी शिक्षिका वगैरे नाही. मूळची सावंतवाडीची, लग्नानंतर म्हापशाच्या बाजूला, मुलगा असल्याच एका शाळेत 5 वर्षं होता. तुमची शाळा वेगळी असेल, माणसं वेगळी असतील, तेव्हा मीठ-मसाला बघून घ्या. फी, बोर्ड, बस हे तुम्ही बघूनच आला असणार, त्यात शिरत नाही.

बुधवारची दुपार फुकट जाते, त्यापेक्षा गणिताचा क्लास बरा असं तुमचे मिस्टर म्हणतात ना, आमच्याकडेही तेच म्हणणं होतं. पण हा काही शाळेचा टाइमपास नाही. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्डाच्या डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीला, मोठ्या मुलांना सीएएस म्हणून एक भाग असतो, काहीतरी नवीन करणं, अंगमेहनत आणि सेवा, निदान 18 महिने चालतं, त्याला मार्क नाहीत पण ते पूर्ण झालं नाही तर डिप्लोमाच मिळत नाही. छोट्या शाळा तीच सवय खालच्या वर्गांपासून लावतात. आणि 70 मुलांच्या शाळेत स्टाफ असून असून किती असणार, म्हणून आठवडा पालकांच्या जिवावर चालतो. हे कोणी ॲडमिशनच्या वेळी स्पष्ट सांगत नाही एवढंच.

आता माझी चूक. मी हो म्हटलं त्याचं काही नाही, चूक पुढे झाली.

ऑक्टोबर होता. पावसाळ्यात समुद्राने पोटातलं सगळं किनाऱ्यावर आणून टाकलेलं, मी म्हटलं पहिला बुधवार बीच सफाई. कचरा उचलायची जबाबदारी ज्यांची असं मला सांगण्यात आलं त्या ऑफिसला फोन केला (नाव घेत नाही, आणि कुठलं ते विचारूही नका). पलीकडचे गृहस्थ इतके गोड बोलले, “हो हो मॅडम, करा ना, चांगलं काम आहे, गाडी पाठवतो.” झालं. मी लगेच ग्रुपवर टाकलं, गाडी कन्फर्म. पत्र नाही, काही नाही, नुसता तो फोन.

मंगळवारी आर्टच्या तासाला मुलांनी गोण्या रंगवल्या. प्रत्येकीवर शाळेचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली हसरा सूर्य. माझ्या मुलाने त्याच्या सूर्याला मिशा काढल्या होत्या. बुधवारी दोन तासांत 34 गोण्या भरल्या, चपला, थर्माकोल, बिअरच्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, सगळं एकत्र. वाळूत गाडी रुतेल म्हणून आम्ही पालकांनी त्या ओढत वर रस्त्याच्या कडेला आणून रचल्या, फोटो काढले, घरी गेलो.

गाडी आलीच नाही. गुरुवारी फोन केला, साहेब साइटवर. शुक्रवारी प्रत्यक्ष गेले तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, “लेटर दिलंय? इनवर्ड नंबर काय?” म्हटलं फोनवर बोलणं झालंय. “कोणाशी?” आता मला त्या गृहस्थांचं नावही माहीत नव्हतं! मग कळलं की बीचचा कचरा त्यांच्याकडे येतच नाही, तो दुसरीकडे. दुसरीकडे गेले तर ते म्हणाले, बीचवर असता तर आम्ही बघितलं असतं, तुम्ही तो रस्त्यावर आणलात, आता तो रस्त्याचा कचरा झाला. मी तिथे हसले की रडले मला आठवत नाही. वीस पावलं ओढत आणल्यामुळे कचऱ्याचं खातं बदललं.

11 दिवस पडून होत्या गोण्या. मध्ये परतीचा पाऊस आला, कुत्र्यांनी चार-पाच फाडल्या, बाटल्यांतल्या उरलेल्या बिअरवर गांधीलमाश्या. आणि समोर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंय काय, तर शाळेचं नाव आणि हसरा सूर्य. शेजारच्या घरातली म्हातारी मला म्हणाली, “बाय, तुमी वेळेवयलो कोयर काडलो आनी आमच्या दारांत हाडून घालो?” म्हणजे किनाऱ्यावरचा कचरा काढलात आणि आमच्या दारात आणून टाकलात? काय उत्तर देणार? शाळेची बस त्याच रस्त्याने जायची. मिशीवाला सूर्य नेमका सगळ्यात वर होता, आणि मुलगा तिथे आलं की दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसायचा, हे मला ड्रायव्हरने सांगितलं.

शेवटी आम्ही चार पालकांनी खिशातून टेम्पो केला. पण न निवडलेला कचरा घ्यायला कोणी तयार नाही, म्हणून दोन संध्याकाळी हातमोजे घालून तिथेच रस्त्यावर बसून निवडला. शाळेने जानेवारीपर्यंत बाहेरच्या सगळ्या ॲक्टिव्हिटी बंद केल्या. पैशाचं सोडा, गावात आमची जी पत व्हायची होती ती व्हायच्या आधीच गेली, ती परत मिळवायला दोन वर्षं लागली.

तर हो म्हणा, पण पत्र. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेऊनच बाहेर पडा, निदान 15 दिवस आधी. त्यात दिवस, वेळ, जागा, अंदाजे किती गोण्या, त्या कुठे ठेवणार आणि तिथून कोण उचलणार हे स्पष्ट लिहा. उचलणाऱ्याचं उत्तर लेखी आलं नाही तर त्या बुधवारी मुलांना पतंग करायला बसवा, काही बिघडत नाही. वॉर्डाच्या पंचाला (पंचायतीच्या सदस्याला) घरी जाऊन भेटा, फोनवर नको. काच, थर्माकोल, जाळी वाळूतच वेगवेगळी भरायची, गोणी अर्धीच भरायची कारण ओली वाळू शिशासारखी जड होते. आणि गोणीवर शाळेचं नाव बिव अजिबात नको.

रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, आधी विचारा. वाळत घातलेला दोर आणि टाकून दिलेला दोर यातला फरक शहरातल्या मुलांना (आणि आयांना) कळत नाही, आमच्याकडून एक चांगला दोर गोणीत गेला होता, तो वेगळाच किस्सा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे जाणार असाल तर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखात्याने घरट्यांभोवती कुंपण घातलेलं असतं, तिथे दाताळं-फावडं काही चालवायचं नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, कोणाला राग आला तर येऊ दे, बीच सफाई हा फोटोसाठीचा प्रकार जास्त झालाय. दुसऱ्या वर्षी आम्ही मुलांना साळगावचा कचरा प्रकल्प दाखवायला नेलं, 2016 पासून चालू आहे, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि त्यावर वीज होते. ते बघून आल्यावर मुलंच कचरा निवडायला लागली. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर गेलो, सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण खारफुटीतून चालताना 8 वर्षांची मुलं सुद्धा गप्प होतात. आणि सगळ्यात चांगला बुधवार कुठला, तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा. त्याच म्हातारीच्या अंगणात बसून मुलं माटोळीसाठी (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) रानातली फळं बांधायला शिकली, तिने प्रत्येक फळाचं नाव कोंकणीत पाठ करून घेतलं, चुकलं की टपली. तिला विचारायला जायची हिंमत करायला मला वर्ष लागलं.

तुम्ही लिहिलंय मुलीला मैत्रिणी टिकत नाहीत. तो शाळेचा दोष नाही, निम्मी कुटुंबं ऑक्टोबरात येतात आणि ऊन तापलं की एप्रिलमध्ये परत जातात, दर वर्षी एकदा रडारड ठरलेली. ज्यांचं घर इथेच आहे अशी दोन-तीन कुटुंबं हेरा, आणि तिला संध्याकाळी गावच्या मैदानावर फुटबॉलला पाठवा, मुलींनाही घेतात, पहिला आठवडा कोणी पास देत नाही मग देतात. माझ्या मुलाचे आज जे दोस्त आहेत ते मैदानावरचे, शाळेतला एकच, तो आता लिस्बनला असतो.

ते चार व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा, रविवारचा मेल तेवढा वाचा, त्यात सगळं असतं.

पॉटलकचं राहिलं. डब्यावर कागद चिकटवून लिहा, शाकाहारी, अंडं आहे, शेंगदाणे आहेत, जे असेल ते. मी एकदा साबुदाण्याची खिचडी नेली आणि दाण्याचं सांगायला विसरले, सुदैवाने ज्याला दाणे चालत नाहीत अशा एका मुलाच्या आईने वास घेऊन ओळखलं. आता मी पोदेराकडून (पाववाल्याकडून) सकाळी 20 पोई (गोव्याचे गोल पाव) घेते आणि बरोबर बटाट्याची भाजी, तासाभरात फस्त, डबाही रिकामा परत येतो. पत्राचा नमुना हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, माझ्याकडे शिक्क्याची प्रत अजून आहे.