वाचकांचे प्रश्न : मॅकबेथचे चिलखत

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंघात शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ची तालीम सुरू असून पाचव्या अंकावरून मतभेद झाले आहेत. राजाचा आणि जिवलग मित्राचा जीव घेणारा हा माणूस अखेरपर्यंत क्रूरच दिसला पाहिजे, असे दिग्दर्शकांचे मत आहे. मला मात्र त्याची कीव येते. नाटककाराला काय अभिप्रेत असावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची भावना खरी आहे; ‘कीव’ हा शब्द तेवढा मी बदलेन, कारण कीव दुरूनही करता येते आणि या अंकात शेक्सपियर आपल्याला मॅकबेथपासून दूर उभे राहूच देत नाही.

दुसरा आणि तिसरा हे प्रवेश लागोपाठ वाचून पाहा. दुसऱ्या प्रवेशात त्याच्यावर उलटलेला एक सरदार म्हणतो की, खुज्या चोराच्या अंगावर राक्षसाचा झगा लोंबावा तसे राजपद याच्या अंगावर लोंबते आहे. लगेच पुढच्या प्रवेशात मॅकबेथ चिलखत मागतो. अजून त्याची गरज नाही, असे त्याचा सेवक सीटन सांगतो. तरी तो हट्टाने ते चढवायला लावतो, मध्येच वैद्याकडे वळून मनाच्या व्याधीवर काही औषध आहे का असे विचारतो, मग ‘काढ ते’ म्हणतो आणि शेवटी ते आपल्या मागोमाग घेऊन यायला सांगतो. एवढे खून पचवलेल्या माणसाला चिलखताचाही निर्णय घेता येऊ नये!

दृष्टी मात्र त्याची स्वच्छ आहे. म्हातारपणी सोबत असावी ती माया, मान आणि मित्रांचा मेळा आपल्या नशिबी नाही, आपल्या वाट्याला दबक्या आवाजातले खोल शाप येणार, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. खरी शोकांतिका मला इथे दिसते. आपल्याकडे गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकरही आपल्या अधोगतीविषयी इतक्याच नेमकेपणाने बोलतो, म्हणून त्याच्यावर चिडलेला प्रेक्षकही त्याला अंतर देत नाही.

दिग्दर्शकांचे म्हणणेही सर्वस्वी टाकून देऊ नका. भीतीने पांढऱ्याफटक पडलेल्या नोकराला मॅकबेथ ज्या शिव्या घालतो, त्यांत क्रौर्य आणि त्याची स्वतःची धास्ती एकदमच ऐकू आली पाहिजे. राणीच्या मृत्यूनंतरचे भाषण मात्र गर्जून म्हणू नये.

हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात चेहऱ्यावरचे बारकावे मागच्या रांगांपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा चिलखताचे बंद बांधणारे सीटनचे हात ठळक दिसू द्या, आणि अर्धे बांधलेले बंद पुन्हा सोडावे लागतात तेव्हा त्या नटाने मान वर करून क्षणभर राजाकडे पाहावे.