आधी भाज्यांचं ताट माग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. अटलांटात जिकडे जावं तिकडे तळलेली कोंबडी, बार्बेक्यू आणि गोडमिट्ट चहा; शाकाहारी माणसानं इथे खावं तरी काय, असं तू विचारलंयस. माझा या स्वयंपाकावर फार जीव आहे. अमेरिकेच्या या दक्षिण भागात, ज्याला सगळे साउथच म्हणतात, माझं अर्धं आयुष्य गेलं. इथल्या बायकांच्या स्वयंपाकघरात आणि इथल्या साध्या खानावळींत मी जे खाल्लं, त्यानं माझा स्वतःचा हात घडला. म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

एक गोष्ट पक्की धरून चाल. साउथचा घरगुती स्वयंपाक मुळात भाज्यांचा आहे. कोंबडी तळायची ती रविवारी, किंवा घरी पाहुणे आले तर. एरवी लांबलचक उन्हाळा, परसातली वाफ्यांची जागा आणि त्यातून निघणारं सगळं: भेंडी, टोमॅटो, मका, स्क्वॉश म्हणजे भोपळ्याच्या जातीची फळभाजी, नाना जातीच्या शेंगांचे दाणे. थंडीत कॉलर्ड, म्हणजे कोबीच्या जातीची जाड पानांची भाजी, सलगमाचा पाला, रताळी. मांस असलंच तर धुरी दिलेल्या डुकराचा एखादा तुकडा, तोही पातेलंभर भाजीला चव यावी म्हणून. हायवेवरच्या पाट्या बघून या जेवणाबद्दल मत बनवू नकोस. त्या पाट्यांवर फक्त रविवार असतो.

तेव्हा पहिलं काम हे कर. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, दुपारी साडेअकरालाच, 'मीट अँड थ्री' पद्धतीच्या जागी जा. एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड म्हणजे मक्याच्या पिठाचा भाजलेला पाव, असं ते ताट. भाज्यांची यादी रोज बदलते आणि मॅकरोनी-चीजसुद्धा भाज्यांतच मोजतात. तू 'व्हेजिटेबल प्लेट' माग. मांस वगळून चार भाज्या घेणं इथे कुणाला नवीन नाही. इथले म्हातारे लोक उन्हाळ्यात आवडीनं तेच खातात. लवकर जा म्हणते ते एवढ्यासाठी, की साडेअकराची भेंडी कुरकुरीत असते आणि दीडची मऊ पडलेली.

तुझ्या गावातच 'मेरी मॅक्स टी रूम' आहे, १९४५ पासूनची. ग्राहकानं आपली ऑर्डर स्वतः पेन्सिलीनं लिहून द्यायची, ही तिथली जुनी रीत. पहिल्यांदा येणाऱ्याला कॉर्नब्रेडबरोबर वाटीभर 'पॉट लिकर' देतात, म्हणजे पालेभाजी तास-दोन तास शिजल्यावर पातेल्यात उरतं ते हिरवं पाणी. पाल्यातलं सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं. कॉर्नब्रेड त्यात कुस्करून खायचा.

मात्र ते पाणी तोंडाला लावण्याआधी विचार. 'यात मांस आहे का?' एवढं विचारून भागत नाही. भाजीत टाकलेलं धुरी दिलेलं हाड इथल्या कित्येक स्वयंपाकिणींच्या लेखी मीठ-मसाल्यात जमा आहे; त्या मनापासून 'नाही' म्हणतील. म्हणून नाव घेऊन विचार: हॅम, बेकन, डुकराची चरबी, चिकनचं पाणी. शेंगाभाजी आणि पालेभाजीत हमखास असतं. इथलं बिस्किट म्हणजे मऊ, फुगीर पाव; त्यात कधी चरबी असते, कधी लोणी. नम्रपणे विचारलंस तर कुणी रागावत नाही, उलट आतून कुणीतरी बाहेर येऊन तुला काय चालेल ते सांगतं. हा साउथचा गुण मी अनेक गावांत पाहिला आहे.

आता ताटात बघ. ब्लॅक-आइड पी म्हणजे आपली चवळीच, धान्य तेच. चवळी आफ्रिकेची, भेंडीही आफ्रिकेचीच मानतात, आणि या किनाऱ्यावर दोन्ही आल्या त्या गुलामांच्या व्यापाराबरोबर. कॅरोलिनाच्या दलदलीत भातशेती उभी राहिली ती पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भात पिकवण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या माणसांच्या कष्टांवर आणि त्यांच्या ज्ञानावर. मका इथल्या मूळ रहिवाशांचा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या. तुझ्या आजीच्या ताकातल्या कण्या आठवत असतील तर ग्रिट्स तुला परके वाटणार नाहीत. पाकिटातल्या झटपट ग्रिट्स घेऊ नकोस, त्यांना चवच नसते. जात्यावर दळलेल्या घे, मंद आचेवर पाऊण तास ढवळत राहा, शेवटी लोणी आणि मीठ घाल.

या जेवणावर प्रेम करायचं तर ते कुणी रांधलं हे माहीत असावं, असं मला कळकळीनं वाटतं. ज्या कृष्णवर्णीय माणसांनी रांधलं त्यांनाच कित्येक खानावळींत बसून खायची बंदी होती. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या 'ऑलीज बार्बेक्यू'त बहुतेक कामगार कृष्णवर्णीय होते, पण कृष्णवर्णीय ग्राहकाला तिथे फक्त बांधून नेता येई. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि डिसेंबर १९६४ मध्ये निकाल खानावळीच्या विरोधात लागला. अटलांटात जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी १९४७ मध्ये सुरू केलेल्या खानावळीत मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी बसून आखणी करत. 'पास्कल्स' आज दुसऱ्या जागेत आहे, पण चालू आहे. तिथे एकदा जाऊन ये.

आणि जॉर्जिया गिल्मोर. हे नाव लक्षात ठेव. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत १९५५-५६ मध्ये, बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्ध, त्यांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलला पैसा लागे. ही बाई स्वयंपाकीण. तिनं बायका जमवल्या, घरोघरी केक, 'पाय' नावाचे सारण भरून भाजलेले गोड पदार्थ आणि तळलेल्या कोंबडीची सँडविचेस करून विकली आणि पैसे चळवळीला दिले. गटाचं नाव 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठूनच नाही' असा क्लब, कारण पैसे कुठून आले हे कुणाला सांगावं लागू नये. नाव कळलं असतं तर बायकांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तिची स्वतःची गेलीच. किंग यांच्या खटल्यात तिनं साक्ष दिली आणि कामावरून काढून टाकलं गेलं. मग किंग यांच्या आग्रहावरून तिनं घरातच खानावळ चालवली. १९९० मध्ये, मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेल्या मोर्चाच्या पंचविसाव्या वर्षी, येणाऱ्या लोकांसाठी स्वयंपाक करत असताना ती आजारी पडली आणि गेली. तिनं केलेलं जेवण तिच्याच शोकाला आलेल्यांना वाढलं. मॉन्टगोमेरी तुझ्यापासून अडीच-तीन तासांवर आहे. जमेल तेव्हा मी येईन तुझ्याबरोबर.

शोकावरून सांगते. इथे कुणाच्या घरी मृत्यू झाला की संध्याकाळपर्यंत शेजारपाजार झाकलेली भांडी घेऊन येतो. आपल्याकडे पिठलं-भात पोचवतात तसंच. भांड्याखाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं. तुझ्या शेजारी अशी वेळ आली तर तूही रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

बाहेर खाऊन आलीस की त्या आठवड्यात एक पदार्थ घरी कर. माझी शिकण्याची रीत हीच राहिली: बाहेर चव लक्षात ठेवायची, घरी हात बसवायचा, मग पुन्हा बाहेर जाऊन पडताळायचं. सुरुवात कॉर्नब्रेडनं कर. बिडाचं पॅन घे. टेनेसीत साउथ पिट्सबर्गला लॉज कंपनी १८९६ पासून ती ओतते आहे. पॅनमध्ये दोन चमचे तेल किंवा लोणी घालून ते ओव्हनमध्ये २३० अंश सेल्सियसला चांगलं तापव. दोन वाट्या मक्याचं पीठ, दीड-पावणेदोन वाट्या घट्ट ताक, एक अंडं, मीठ, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. अंडं चालत नसेल तर ताक थोडं वाढव, तुकडा जरा भुसभुशीत होईल इतकंच. पीठ तापल्या पॅनमध्ये ओतलं की चर्र झालं पाहिजे. खालची खरपूस कड त्यानंच येते. वीसेक मिनिटं पुरतात. साखर घालावी की नाही यावर इथे घराघरांत वाद आहेत. मी घालत नाही.

कॉलर्ड तीन पाण्यांतून धू, मधला दांडा काढ, कांदा, लसूण, सुकी मिरची आणि थोडी स्मोक्ड पाप्रिका (धुरी दिलेल्या मिरचीची पूड) घालून तासभर शिजव. वाढताना मिरचीचं व्हिनेगर. मांसाशिवायचं तुझं पॉट लिकर तयार.

बिस्किटांची घाई करू नकोस. त्यांना मऊ गव्हाचं पीठ, थंडगार लोणी आणि न मळणारा हात लागतो. आपल्याला कणीक मळायची सवय, म्हणून ती जमायला वेळ लागतो.

जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सॅव्हाना शहरी गेलीस तर 'मिसेस विल्क्स'मध्ये दुपारचं जेव. १९४३ पासून तिथे दहाजणांच्या टेबलावर अनोळखी माणसं एकत्र बसतात, वाडगे एकमेकांकडे सरकवतात आणि जेवण झालं की आपलं ताट स्वतः उचलून आत नेऊन ठेवतात. शेजारी बसलेल्या आजीबाईंना विचार, चवळी कशी करता. जेवण संपेपर्यंत त्या सांगत राहतील. शक्य असेल तर लिहून घे.

परतीच्या रस्त्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पाटी दिसली तर थांब. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात तासन् तास शिजवलेल्या असतात, गरम पिशवीत मिळतात. त्यांची चव तुला ठाऊक आहेच.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी इथे चवळी-भात, कॉलर्ड आणि कॉर्नब्रेड करतात: चवळी भाग्याची, पाला नोटांचा, मका सोन्याचा. त्या दिवशी तू माझ्याकडे जेवायला यायचंस. चवळी आणि पाला मी करते, कॉर्नब्रेड तू आण.

तुझी,
मावशी

ता. क. : बिडाचं पॅन पाण्यात भिजत ठेवू नकोस. धुतलं की लगेच पूस, गॅसवर तापव आणि तेलाचा हात फिरव.