कंसातली ओळ

प्रिय भगिनी,

तुमच्या चार पानी पत्रातली तीन पाने यजमानांच्या रागाने भरली आहेत. अकरा महिन्यांपूर्वी स्कूटरच्या अपघातात मागे बसलेला मित्र गेला आणि यजमान खरचटण्यावर निभावले. तेव्हापासून ते मुलांवर खेकसतात, दार आपटले तरी दचकतात, झोपेच्या गोळीनेही गुण नाही, असे तुम्ही लिहिता. माझी नजर मात्र शेवटच्या पानावर, कंसात लिहिलेल्या ओळीवर अडली: ‘हल्ली ते पुलावरून न जाता लांबच्या रस्त्याने कामावर जातात, पाऊण तास जास्त लागतो, पण त्याची माझी तक्रार नाही.’

तक्रार तिथेच हवी होती. चिडायला माणसाला शंभर कारणे असतात. पण अपघात झाला तो पूल नजरेस पडू नये म्हणून जो जाता-येता रोजचा दीड तास मोजतो, त्याच्यासाठी तो अपघात अजून संपलेला नाही. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. तरीही घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, तिची आठवण देणारे सारे टाळणे, मन बधिर होणे किंवा स्वतःलाच दोष देत राहणे आणि सतत सावध असणे, हे महिन्याहून अधिक काळ टिकून रोजचे जगणे अडू लागले, की तज्ज्ञ पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराचा, विचार करतात. यातले टाळणे सर्वांत मुके असते, म्हणून घरात त्याला कोणी आजार म्हणत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही की स्कॅन नाही. डॉक्टरांपुढे जे बोलले जाते त्यावरच बरेचसे ठरते. तुम्ही दोघांनी फक्त झोपेचे सांगितलेत, म्हणून झोपेचीच गोळी मिळाली.

आणि स्पष्ट लिहिते, राग मानू नका. त्या मित्राचा फोटो तुम्ही कपाटात ठेवलात, मुलांना त्याचे नाव घ्यायची बंदी केलीत. तुम्ही याला जपणे म्हणता, पण त्याने भीतीच जपली जाते; टाळल्याने तेवढ्यापुरते हायसे वाटते आणि पूल आता निव्वळ पूल आहे, हे मनाला कधी कळतच नाही.

या आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे जा आणि पहिले वाक्य त्या पुलाविषयी बोला, रागाचे नंतर. तोवर यजमानांना जबरदस्तीने पुलावर मात्र नेऊ नका. ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करायचे असते. दवाखान्याच्या वाटेवर तोच पूल लागत असेल, तर या खेपेला खुशाल लांबच्या रस्त्याने जा.