मथळ्यातच कळलं, मग उघडायचं कशाला?

प्रश्न : वाचकाच्या आवडीच्या बातम्या निवडून देणाऱ्या एका वेबसाइटवर मुलीने मला खातं उघडून दिलं. आमच्या सोसायटीमागे बिबट्या दिसला तेव्हा त्याच्या दोन-तीन बातम्या मी उघडल्या. तेव्हापासून रोज बिबटेच! जुन्नरचा, नाशिकचा, विहिरीत पडलेला. पण परवा दिवसभर पाणी नव्हतं, त्याचा पत्ताच नाही. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, मुलुंड (पश्चिम)

उत्तर : बाई, तुमचं काही चुकत नाही. पत्र आल्यावर मीही तसल्याच एका साइटवर पंधरा दिवस काढले. पहिल्याच सकाळी रणजीची बातमी उघडताना अंगठा घसरला आणि सोन्याचा भाव उघडला. आठवडाभर सोनं! घरात गुंजभर घ्यायची ऐपत नाही, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

ही कल्पना तशी जुनी आहे. 1994 साली अमेरिकेत ‘ग्रुपलेन्स’ नावाचा प्रयोग झाला. त्यात वाचक लेखांना एक ते पाच गुण द्यायचे आणि ज्यांच्याशी आपले गुण जुळतात, त्यांना आवडलेलं आपल्यापुढे यायचं. म्हणजे तिथे निदान विचारत तरी होते. आता बहुतेक ठिकाणी आपण काय उघडलं आणि त्यावर किती वेळ थांबलो, हेच गुण धरतात.

खरी गोची इथेच आहे. माझी तीस वर्षं वर्तमानपत्रात मथळे देण्यात गेली. बातमी मथळ्यातच कळली पाहिजे, ही आमची शिस्त. ‘मुलुंडमध्ये उद्या पाणी नाही’ एवढं वाचून तुम्ही पिंपं भरायला उठता, बातमी उघडत नाही. यंत्राची समजूत होते, बाईंना पाण्यात रस नाही.

माझा मेगाब्लॉक असाच हुकला. रविवारी नाहूरला मेव्हण्याकडे निघालो. माटुंगा ते मुलुंड धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवलेल्या होत्या आणि नाहूरला जलद मार्गावर फलाट नाही. नाहूर खिडकीतून पाहिलं, मुलुंडला उतरलो आणि रिक्षाने मागे आलो. तोवर मटण गार. ब्लॉकची बातमी मी आयुष्यात कधी उघडली नव्हती, नुसता मथळा वाचायचो. मग ती मला दाखवणार कोण?

बिबट्याच्या बातमीशेजारी तीन टिंबं असतील. ती दाबून ‘अशा बातम्या नकोत’ म्हणा. सेटिंगमध्ये जुना इतिहास पुसायची सोय असेल तर पुसून टाका. पेपर मात्र बंद करू नका. मुलगी काहीही म्हणो.

मी आता पाणीकपातीची बातमी मथळ्यात कळली तरी उघडतो आणि मोबाइल तसाच ओट्यावर ठेवून बादल्या भरायला जातो.