बिनालोड तापणारा पुश-पुल ट्रान्सफॉर्मर: आधी पिन ११ वरची फ्रिक्वेन्सी मोजा

लोड न लावताच ट्रान्सफॉर्मर का तापतो, असं तुम्ही विचारलंत. तुमचं सर्किट असं आहे: १२ व्होल्ट बॅटरी, एसजी३५२५ (पल्स देणारी कंट्रोलर आयसी), दोन आयआरएफझेड४४एन (आळीपाळीने चालू-बंद होणारे मॉस्फेट स्विच), ईटीडी२९ फेराइट कोअर, प्रायमरी ४+४ वेढे, आरटी (फ्रिक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टर) २७ के, सीटी (त्याच कामाचा कपॅसिटर) १ नॅनोफॅरड, फीडबॅक नाही, बाहेर आयसोलेटेड २४ व्होल्ट. लोड न लावताच कोअरला बोट टेकवत नाही. मग तार जाड करून काही होणार नाही, दोष फ्लक्समध्ये, म्हणजे कोअरमधल्या चुंबकीय प्रवाहात, शोधा.

या आरटी-सीटीला ऑसिलेटर सुमारे ५३ किलोहर्ट्झवर चालतो. पण आयसीतला फ्लिप-फ्लॉप ते पल्स पिन ११ आणि १४ वर आळीपाळीने सोडतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या वाट्याला येतात साधारण २६ किलोहर्ट्झ. वेढे तुम्ही ५० धरून काढलेत. इथेच बहुतेक जण फसतात. मल्टिमीटरला हर्ट्झची रेंज असेल तर पिन ११ वर लावून बघा.

आता आकडे. अर्धा आवर्तकाळ १९ मायक्रोसेकंद, कोअरचं क्षेत्रफळ ७६ चौरस मिलिमीटर. १२ × १९ ला (४ × ७६) ने भागलं की ०.७५ टेस्ला येतात. हा फ्लक्सचा उणे ते अधिक असा पूर्ण झोका, म्हणजे शिखर त्याच्या निम्मं, ०.३७. बॅटरी चार्जिंगला असताना १४.४ व्होल्टला तेच ०.४५ होतं. एन८७ सारखा फेराइट १०० अंशांवर ०.३९ च्या आसपास सॅच्युरेट होतो (आणखी फ्लक्स घेऊ शकत नाही), म्हणजे मार्जिन उरलेलंच नाही. शिवाय १०० अंशांच्या पुढे कोअर लॉस पुन्हा चढायला लागतो: तापतो म्हणून लॉस, लॉस म्हणून आणखी ताप.

आरटी १२ के करा. ट्रान्सफॉर्मर ५९ किलोहर्ट्झवर जाईल आणि १४.४ व्होल्टलाही शिखर ०.२ च्या आत राहील. स्नबर (स्विचिंगचे व्होल्टेज झटके शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटर जोडी) असेल तर त्याचा रेझिस्टर आता दुप्पट तापेल, तेवढा वॅटेज बघून घ्या. पुन्हा गुंडाळणारच असाल तर ६+६ घ्या आणि सेकंडरी त्याच प्रमाणात वाढवा. चार वेढ्यांवर मॅग्नेटायझिंग करंट उगाच जास्त जातो.

पहिली चाचणी सेकंडरी डायोडपासून सोडवून, बॅटरीच्या वाटेत २१ वॅटचा इंडिकेटरचा दिवा ठेवून घ्या. दिवा अंधूकही पेटायला नको. पेटला तर शॉर्ट वेढा किंवा एका बाजूला सरकलेला फ्लक्स. दोन्ही मॉस्फेटच्या सोर्समध्ये ०.१ ओहम टाकून स्कोपवर बघा: रेषा सरळ चढली पाहिजे. एकाच बाजूला शेवटी वर हुक दिसला तर दोन्ही गेटचे ऑन-टाइम जुळत नाहीत.

सेकंडरी जोडल्यावरच ताप येत असेल तर डायोड तपासा. १एन५४०८ या फ्रिक्वेन्सीला वेळेत बंदच होत नाही, दर आवर्तनात सेकंडरी क्षणभर शॉर्ट करतो. झटपट बंद होणारा यूएफ५४०८ लावा.

तांब्याचा विचार शेवटी, फुल लोडवर. एकच १.५ मिलिमीटरची तार नको. या फ्रिक्वेन्सीला करंट वरच्या ०.३ मिलिमीटरमध्येच वाहतो. २५ गेजच्या चार तारा पिळून घ्या.