एअर होस्टेसच्या कोर्ससाठी एफडी मोडू का?

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला केबिन क्रू व्हायचंय. एक खासगी संस्था ११ महिन्यांच्या कोर्सचे १ लाख ६० हजार अधिक जीएसटी मागते आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणते. २ लाखांची एफडी मोडावी की १४ टक्क्यांनी कर्ज काढावं?

उत्तर : दोन्ही नको. ज्या सर्टिफिकेटसाठी हा खटाटोप चाललाय, ते विमान कंपन्या मागत नाहीत. आपल्याकडे नवख्या मुलींना लागतं ते बारावी पास, वय १८ पूर्ण, पासपोर्ट, उंची आणि बोलता येणारं हिंदी-इंग्रजी. आग विझवणं, आणीबाणीत विमान रिकामं करणं, प्रथमोपचार हे सगळं निवड झाल्यावर कंपनीच डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमांप्रमाणे शिकवते. आधी कोर्स केलेला असला, तरी ते प्रशिक्षण माफ होत नाही.

आता हिशेब. १८ टक्के जीएसटी धरून फी होते १,८८,८००. एफडीतून उरतील जेमतेम ११ हजार, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात कपात. कर्ज काढलंत तर ३ वर्षं महिना सुमारे ६,४५० हप्ता, म्हणजे साडेत्रेचाळीस हजार नुसतं व्याज. आणि पहिला हप्ता नोकरी लागायची वाट बघत नाही. प्रवेश अर्जाची मागची बाजूही वाचा. जाहिरातीतल्या 'प्लेसमेंट'चं तिथे बहुधा 'प्लेसमेंट असिस्टन्स', म्हणजे नोकरीची हमी नव्हे, नुसती मदत, झालेलं असतं आणि 'फी परत मिळणार नाही' हे बारीक अक्षरात.

एक रुपयाही खर्च करण्याआधी तिला अनवाणी भिंतीला उभी करून उंची मोजा. बहुतेक कंपन्या मुलींसाठी १५५ सेंमी मागतात आणि तिथे सवलत नाही. हातावर, मानेवर गणवेशाबाहेर दिसेल असा टॅटू आहे का? डोळे, कान, हिमोग्लोबिन नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण निवडीनंतर मेडिकल होतंच.

यात ती बसत असेल, तर ४० हजारांच्या आत भागवा. पासपोर्टची फी १,५००. सगळ्यात जास्त पैसा स्पोकन इंग्लिशवर, तोही महिन्याच्या फीवर, एकरकमी नाही. मुलाखतीत गाडी अडते ती इथेच: कागदावरची अनाउन्समेंट न अडखळता वाचणं, गटचर्चेत स्वतःहून तोंड उघडणं. बाकी पोहायचा क्लास, एक नीटनेटका फॉर्मल ड्रेस, पुण्या-मुंबईच्या मुलाखतींचं जाणं-येणं. भरतीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर फोन ठेवून द्या. कंपन्या असे पैसे घेत नाहीत. बी.कॉम. मात्र सोडू देऊ नका.

एफडी खरी लागेल ती निवडीनंतर. प्रशिक्षण परगावी, तेव्हा हातात येणारा स्टायपेंड तुटपुंजा, आणि भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट पहिल्या पूर्ण पगाराच्या आधी भरायचं. बाँड असेल तर मध्येच सोडल्यास किती भरावे लागतील, तो आकडा सही करण्याआधी बघा.

पगारही दोन भागांत येतो: ठरलेला, आणि उड्डाणाच्या तासांचा भत्ता. आजारपणात दुसरा भाग आटतो. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली, तेव्हा दोन्ही भाग थांबले. म्हणून पुढे कधी तिने कर्ज घेतलंच, तर हप्ता फक्त ठरलेल्या पगारावर बेतावा.