ऑफर आली म्हणून लगेच होकार नको

अभिनंदन! तुमच्या मुलाला दहावीतच अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या डिव्हिजन वनची, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजची, खेळायची ऑफर म्हणजे पोरगा खरंच चांगला खेळतोय. पण थांबा. तोंडी कमिटमेंट, म्हणजे नुसता शब्द, कुणालाच बंधनकारक नसते, कॉलेजलाही नाही. करारावर सह्या बारावीच्या नोव्हेंबरपासून होतात. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात ठरवलंत तरी उशीर नाही.

तोवर दोनच गोष्टी बघा:

- कोच टिकणार का? मार्च-एप्रिलमध्ये बदल्या होतात. माझ्या मुलाला निवडणारा कोच सहीआधीच गेला, नव्याने साधा फोनही केला नाही. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही.
- त्याच्या पोझिशनवर पुढच्या वर्षी कोण असेल? थेट विचारा.

पैशांचं नंतर बोलू. आधी कॅम्पसवर एक सराव शेवटपर्यंत बघा. बेंचवरच्या पोरांशी कोच कसा बोलतो, तिकडे कान ठेवा.